पहिली रिव्हॉल्व्हर : सोबत काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

रिव्हॉल्व्हरचा परवाना हातात पडेपर्यंत अर्जदाराचे जोडे बरेच झिजलेले असतात. पोलीस ठाण्यातली चौकशी, जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या कार्यालयातल्या खेपा, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी. एवढं सगळं पार पडल्यावर माणूस गन हाऊसच्या काउंटरपुढे उभा राहतो तेव्हा त्याचा हात सढळ झालेला असतो. रिव्हॉल्व्हरवर लाखाच्या घरात खर्च झालाच आहे, मग आणखी काही हजारांनी काय बिघडतं? काउंटरवर काडतुसांच्या खोबण्या असलेला चामडी पट्टा येतो, चकचकीत पेटीतला सफाईचा संच येतो, रबरी मूठ येते, लाल ठिपका टाकणारा लेझरही येतो. नवा परवानाधारक यातलं बरंच काही घेऊन घरी येतो आणि ज्या दोन-चार वस्तू खरंच लागणार असतात, त्या नेमक्या दुकानातच राहतात.

याचं एक कारण साधं आहे. बाजारातले बहुतेक संच परदेशी सवयींवर बेतलेले असतात. अमेरिकेतला हौशी नेमबाज एका रविवारी शेकडो गोळ्या झाडू शकतो, त्यामुळे त्याच्या संचात दारूची काजळी आणि धातूचा थर खरवडण्याच्या साधनांची रेलचेल असते. आपल्याकडे एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षभरात किती घ्यायची, याचा आकडा परवान्यावरच लिहिलेला असतो. खासगी शस्त्र झाडता येईल अशा रेंजही मोजक्याच. स्वसंरक्षणासाठी घेतलेली रिव्हॉल्व्हर वर्षातून फार थोडी झडते आणि उरलेला सगळा काळ कपाटात पडून असते. तिथे मुंबई, कोकण आणि गोव्यातली दमट हवा, हाताचा खारट घाम आणि चामड्याचं आवरण तिला हळूहळू खात राहतात. आपल्याकडची रिव्हॉल्व्हर झडून खराब होत नाही, पडून खराब होते. खरेदीची यादी करताना हे एक ध्यानात ठेवलं, तर निम्मे पैसे वाचतात आणि उरलेले योग्य जागी लागतात.

आपल्या हातात नेमकी कोणती रिव्हॉल्व्हर आहे, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. भारतात सर्वाधिक दिसते ती सरकारी कारखान्याची .३२ बोअरची सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर. तिचं घराणं जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचं. वरची कळ दाबली की ती मधोमध उघडते, नळी खाली झुकते आणि सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. २०१४ साली कानपूरहून बाजारात आलेली ‘निर्भीक’ त्याच .३२ बोअरची, सुमारे ५०० ग्रॅम वजनाची आणि तेव्हा १,२२,३६० रुपये किमतीची. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेली ‘प्रबल’ वेगळी आहे. तिचा सिलिंडर कडेला बाहेर निघतो. इशापूरच्या रायफल फॅक्टरीची ‘निडर’ .२२ बोअरची आहे. हे फरक केवळ माहितीपुरते नाहीत. ब्रश कोणत्या मापाचा घ्यायचा, गज कोणत्या बाजूने घालायचा, होल्स्टर कोणतं बसेल, हे सगळं त्यावर ठरतं. ‘.३२ चं द्या’ एवढं सांगून भागत नाही, कारण .३२ च्या पिस्तुलाचं काडतूस आखूड आणि .३२ च्या रिव्हॉल्व्हरचं लांब असतं. ही दोन काडतुसं एकमेकांच्या जागी वापरायची नसतात. डमी काडतुसं किंवा काडतुसांची पेटी घेतानाही रिव्हॉल्व्हरचं ‘.३२ लाँग’ असं स्पष्ट सांगावं.

आता पहिली खरेदी. ती ब्रशची नाही, तेलाचीही नाही. ती कुलुपाची आहे.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांच्याच परवानाधारी रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या डाव्या पायात गुडघ्याखाली शिरली. कोलकात्याला निघण्याच्या गडबडीत रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ती हातातून निसटली, असं त्यांच्या व्यवस्थापकाने माध्यमांना सांगितलं. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली. देशभर बातमी झाली म्हणून हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे, पण घरातल्या शस्त्राचे अपघात असेच असतात. चोर-दरोडेखोर कुठेच नसतात. कपाट, घाई आणि भरलेला सिलिंडर एवढंच असतं. रिव्हॉल्व्हर रिकामी करूनच कपाटात ठेवण्याची सवय असेल आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात असतील, तर हातातून निसटलेली रिव्हॉल्व्हर फरशीचा टवका उडवील, याहून अधिक काही नाही.

म्हणून भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने घट्ट बसवता येणारी छोटी पोलादी तिजोरी घ्यावी. गोदरेजच्या कपाटातल्या आतल्या कप्प्याचं कुलूप कागदपत्रांना पुरतं. त्याची किल्ली कुठे असते, हे घरातल्या पोरांना बरोबर माहीत असतं. तिजोरी आकड्यांच्या कुलपाची असेल, तर तिची बॅटरी वर्षातून एकदा ठरवून बदलावी आणि आणीबाणीची किल्ली घराबाहेर, विश्वासाच्या जागी ठेवावी. अनेकदा ती किल्ली तिजोरीच्याच आत पडून असते! काडतुसांसाठी वेगळी, कुलूपबंद पत्र्याची पेटी हवी. त्याखेरीज प्लास्टिकचं वेष्टण असलेल्या तारेचं एक कुलूप घ्यावं. रिव्हॉल्व्हर उघडून ही तार नळीतून किंवा चेंबरमधून ओवली की ती बंदच होत नाही आणि ती रिकामी असल्याचं दुरूनही दिसतं. चापावर बसणारी कुलपंही मिळतात, पण ती भरलेल्या शस्त्रावर कधीच बसवू नयेत. बसवताना चापाला धक्का लागू शकतो.

कुलपानंतर कान आणि डोळे. रिव्हॉल्व्हरसोबत ज्या सहजतेने होल्स्टर विकलं जातं, त्या सहजतेने कानाचं संरक्षण विकलं जात नाही. खरं म्हणजे एकदा गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. बंदुकीच्या गोळीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, आणि एवढा मोठा आवाज क्षणभरच झाला तरी कानाच्या आतल्या नाजूक पेशींना कायमची इजा करू शकतो. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरचा दणका बंद रेंजमध्ये आणखी बसतो. कापसाचे बोळे कामाचे नाहीत. फोमचे इअरप्लग आणि त्यांवरून इअरमफ ही जोडी उत्तम. दोन्हींच्या वेष्टणांवर संरक्षणाचे आकडे असतात, पण त्यांची बेरीज करायची नसते. जोडीने वापरल्यावर अधिक प्रभावी साधनाच्या आकड्यात साधारण ५ डेसिबलचीच भर पडते. तीही मोलाचीच.

फोमचा प्लग बहुतेक जण चुकीचा घालतात. तो नुसता कानात खुपसायचा नसतो. बोटांत वळून सुतळीएवढा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, मग प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायचा. समोरून पाहिल्यावर त्याचं टोक जेमतेम दिसावं. अर्धा बाहेर लोंबत असेल, तर तो शोभेचाच.

रिव्हॉल्व्हर झाडताना डोळ्यांची काळजी पिस्तुलापेक्षा जरा जास्तच घ्यावी लागते. तिच्या सिलिंडर आणि नळीच्या मध्ये केसाएवढी फट असते, ती नसेल तर सिलिंडर फिरणारच नाही. गोळी सुटताच त्या फटीतून तापलेला वायू, न जळलेल्या दारूचे कण आणि कधी शिशाची बारीक कपची दोन्ही बाजूंना उडते. नेम धरणाऱ्याच्या शेजारी उभ्या असलेल्यालाही ती लागू शकते. नंबरचा चष्मा असला तरी त्याच्या बाजू उघड्या असतात. पॉलिकार्बोनेटचा, कडेपर्यंत वळलेला चष्मा घ्यावा आणि काडीवर ‘झेड ८७’ किंवा ‘ईएन १६६’ यांपैकी एक खूण आहे ना, ते पाहावं. कारखान्यांना सुरक्षा-साहित्य पुरवणाऱ्या दुकानांत हे चष्मे सहज मिळतात, त्यासाठी शस्त्रांच्या दुकानात जायची गरज नाही. त्या फटीपुढे बोट येणार नाही अशी पकड प्रशिक्षकाकडून पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी.

एवढं झाल्यावर सफाईचं सामान. इथे दुकानातला मोठा संच घेण्याचा मोह आवरावा. पेटी उघडली की त्यात बारा बोअरच्या बंदुकीपासून रायफलपर्यंत सगळ्यांचे ब्रश ओळीने लावलेले दिसतात. आपल्याला त्यातला एक लागतो आणि कधी कधी तोच नसतो. सुटं सामान घेणं स्वस्त पडतं आणि नीटही होतं.

गज सहा ते आठ इंचांचा, एकसंध असावा. पितळी किंवा प्लास्टिकचं आवरण असलेला उत्तम. अॅल्युमिनियमचे तीन तुकडे जोडून होणारे गज टाळावेत. त्यांच्या सांध्यांच्या कडा नळीला घासतात, आणि मऊ धातूत रुतलेले वाळूचे कण नळीच्या आतल्या आट्यांवर ओरखडे काढतात. गजाची मूठ आपोआप फिरणारी हवी, म्हणजे ब्रश आट्यांच्या वळणाने फिरत जातो. ब्रश फॉस्फर ब्राँझचा, .३२ मापाचा. पोलादी तारांचा ब्रश चुकूनही घेऊ नये. .३८ चा ब्रश ‘चालून जाईल’ असं कुणी सांगितलं तरी ऐकू नये, तो अडकतो. ब्रशसोबत चिंधी धरणारं पितळी टोक घ्यावं. चिंध्या विकत घ्यायची गरजच नाही. जुना, धुऊन मऊ झालेला पांढरा सुती बनियन सव्वा-दीड इंचांच्या चौकोनांत कापला की वर्षभराची सोय होते. पांढराच घ्यावा, कारण चिंधीवर काय निघालं ते पाहणं हे सफाईतलं अर्धं काम आहे.

बाकीचं सामान घरातच सापडतं. मऊ टूथब्रश, कानाच्या काड्या, छोटा टॉर्च आणि तेल शोषणार नाही असा एक रबरी किंवा प्लास्टिकचा पाट. पोलीस आणि लष्करी शस्त्रागारांत रायफलीसाठी ‘फुलतरू’, म्हणजे नळीतून ओढून काढायची दोरी वापरतात. त्याच तत्त्वावर केलेला, मधोमध तारा विणलेला ब्रश-दोर आता रिव्हॉल्व्हरच्या मापातही मिळतो. रेंजवरून निघण्यापूर्वी नळीतून एकदा फिरवायला तो छान, पण त्यालाच पूर्ण सफाई मानू नये. शिवाय तो न धुता पुन्हा पुन्हा ओढला, तर काढलेली घाण परत आत जाते.

सफाईला बसताना काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवावीत. फक्त टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवून चालत नाही. रिव्हॉल्व्हर उघडावी, सहाही चेंबर डोळ्यांनी पाहावीत आणि मग करंगळीने चाचपावीत. अंधूक उजेडात डोळा फसतो, बोट फसत नाही. खिडकी उघडी असावी, जवळपास शेगडी, निरांजन किंवा उदबत्ती नसावी, कारण सफाईची द्रावणं पेट घेतात. जेवणाच्या टेबलावर तर हे काम करूच नये. .३२ ची गोळी साधारणपणे शिशाची असते, काडतुसाच्या टोपीतही शिशाची संयुगं असतात, आणि निघणाऱ्या काजळीत ते शिसं असतं. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्यापासून जपावंच लागतं. पातळ नायट्राइल हातमोज्यांचा एक डबा म्हणून या यादीत हवाच. काम झाल्यावर चिंध्या पिशवीत बांधून टाकाव्यात, हात साबणाने आणि गार पाण्याने धुवावेत.

मधोमध उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा एक मोठा फायदा सफाईत कळतो. ती उघडल्यावर वरच्या चेंबरमधून नळीच्या मागच्या तोंडाकडून गज घालता येतो. नळीचं पुढचं तोंड हा नेमाच्या दृष्टीने सगळ्यांत नाजूक भाग. तिथली कड गजाने एका बाजूला घासली गेली, तर गोळीची दिशा बिघडते. ‘प्रबल’सारख्या कडेला उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये गज पुढूनच घालावा लागतो. तिथे गज मधोमध धरणारी पितळी किंवा प्लास्टिकची टोपी घ्यावी. फार छोटी वस्तू आहे, पण तिच्यामुळे नळीचं तोंड शाबूत राहतं.

द्रावणात भिजवलेली पहिली चिंधी काळीकुट्ट निघते. ती फेकून द्यावी. मग ब्रशला द्रावण लावून नळीतून पलीकडे पूर्ण बाहेर काढावा आणि तसाच परत ओढावा. नळीच्या मध्यावर ब्रश उलटा फिरवला की त्याच्या तारा मोडतात. दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा कोरड्या चिंध्या फिरवाव्यात. टॉर्च लावून आत पाहिल्यावर आट्यांच्या सुरुवातीला मळकट चंदेरी रेघा दिसल्या, तर ते शिसं. त्याला ब्रशाच्या आणखी काही फेऱ्या लागतात, घाई कामाची नाही. चेंबर नळीपेक्षा किंचित रुंद असतात, म्हणून त्यांत ब्रशभोवती चिंधी गुंडाळून फिरवावी.

खरी काळजी घ्यायची ती पुंगळ्या बाहेर उचलणाऱ्या चांदणीसारख्या भागाखाली. न जळलेल्या दारूचे मोहरीहून बारीक दाणे तिथे जाऊन बसतात. एवढ्याशा दाण्याने चांदणी पूर्ण खाली बसत नाही, मग काडतुसाचं बूड किंचित वर राहतं आणि सिलिंडर फिरताना अडतो. बिघाड समजून कित्येक जण रिव्हॉल्व्हर दुरुस्तीला नेतात, आणि तिथे टूथब्रशाचे चार फटकारे मारून ती परत मिळते. सफाई करताना चांदणी पूर्ण वर उचलून तिच्या खालची जागा आणि तिची मागची बाजू कोरड्या ब्रशाने झटकावी. तिथे तेल लावू नये. ओलसर जागेत पुढचे दाणे आणखी घट्ट चिकटतात.

सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर प्रत्येक चेंबरभोवती काळं कडं उमटतं. ते पाहून नव्या मालकाचा जीव खालीवर होतो आणि तो हाती लागेल त्याने घासायला लागतो. त्या कड्याने काहीही बिघडत नाही. शिसं काढणारी पिवळी कापडं बाजारात मिळतात आणि ती हे कडं पुसूनही टाकतात, पण त्याबरोबर शस्त्रावरचं निळसर-काळं पॉलिशही पुसतात. ती फक्त स्टेनलेस पोलादासाठी. निकेलचा मुलामा असलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरला अमोनिया असलेलं द्रावण लावू नये. मुलाम्याला बारीकशी चीर असली की ते आत शिरून तो सोलवटून काढतं.

तेलाच्या बाबतीत घराघरांत वेगवेगळी शास्त्रं चालतात. खोबरेल तेल लावणारे आहेत, मोहरीचं लावणारे आहेत. दोन्ही टाळावीत. खाद्यतेलं हवेशी संयोग होऊन चिकट होतात आणि त्यावर धूळ बसून घट्ट थर जमतो. खोबरेल तर नाशिक-पुण्याच्या थंडीत गोठतंच. डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ साली अमेरिकेत तयार झाला तो धातूवरचं पाणी हटवण्यासाठी. पावसात भिजलेल्या रिव्हॉल्व्हरसाठी तो कामाचा आहे, पण त्यानंतर तो पुसून खरं तेल लावलंच पाहिजे. शस्त्रांसाठीचं कोणतंही पातळ खनिज तेल चालतं. जर्मनीत १९०४ पासून बनणारं बॅलिस्टॉल किंवा अमेरिकेतल्या हॉप्सचं तेल मिळालं तर उत्तम, नाही तर शिलाई मशीनचं स्वच्छ तेल वंगणाचं काम चोख करतं. गंजापासून बचावासाठी मात्र ते दर काही आठवड्यांनी पुन्हा लावावं लागतं.

किती लावायचं? जितकं वाटतं त्याच्या एक चतुर्थांश. सिलिंडरच्या आसाला एक थेंब, घोड्याच्या खिळीला एक थेंब, आणि बाहेरून तेलाच्या बोटाने पुसल्यासारखा पातळ हात. चेंबर मात्र भरण्यापूर्वी कोरड्या चिंधीने पुसून काढावीत. पातळ तेल काडतुसाच्या टोपीच्या फटीतून आत झिरपलं, तर तिच्यातली दारू निकामी होऊ शकते आणि ऐन वेळी घोडा पडून नुसता ‘टक्’ आवाज येतो. काडतुसांना तेल लावण्याची जुनी पद्धत त्यामुळेच घातक आहे.

आता ओलाव्याकडे वळू, कारण आपल्याकडची खरी लढाई तिथेच आहे.

चामड्याचं होल्स्टर सुंदर दिसतं, पण त्यात शस्त्र ठेवायचं नसतं, फक्त वाहून न्यायचं असतं. चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि क्षार त्यात राहतात, ते हवेतला ओलावा ओढतं आणि धातूला चिकटून बसतं. जुलैत होल्स्टरसह कपाटात ठेवलेली रिव्हॉल्व्हर गणपतीत बाहेर काढली, तर नळीवर शिवणीच्या रेषेबरहुकूम तांबूस पट्टा उठलेला दिसतो. पट्ट्याच्या खोबण्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवट कीट धरतं, आणि असं काडतूस चेंबरमध्ये अडकू शकतं. स्पंज लावलेल्या मखमली पेट्यांचंही तसंच. ‘निर्भीक’ दागिन्यांच्या डब्यासारख्या देखण्या पेटीतून यायची. अशी पेटी दाखवण्यापुरती. रोजच्या ठेवणीला तेलाचा हात फिरवलेली रिव्हॉल्व्हर सिलिकॉनच्या कापडी मोज्यात घालावी आणि तिजोरीत ठेवावी.

तिजोरीत सिलिका जेलचा डबा हवाच. बुटांच्या खोक्यातल्या इवल्याशा पुड्या पुरत नाहीत. पाव किलोची, रंग बदलणारी जेल घ्यावी. निळ्याची गुलाबी होणारी जेल कोबाल्टच्या क्षाराची असते आणि ते आरोग्याला बरं नाही, म्हणून घरात केशरी जेल निवडावी. रंग बदलला की स्वयंपाकाच्या भांड्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये साधारण ११०-१२० अंशांवर तापवली की ती पुन्हा कामाला लागते. शेजारी एक छोटा आर्द्रतामापक ठेवला, तर अंदाजाने चालावं लागत नाही. ५० टक्क्यांच्या आसपास आकडा राहिला तर उत्तम. पावसाळ्यात महिन्यातून एकदा आणि एरवी तीन महिन्यांतून एकदा रिव्हॉल्व्हर बाहेर काढून, पुसून, तेलाचा ताजा हात द्यावा. कुणी पाहुण्याने हातात घेतली असेल, तर त्याच दिवशी. घामाचे ठसे दोन दिवसांत पोलादावर उमटतात.

दसऱ्याचाही विचार करायला हवा. खंडेनवमीला आणि दसऱ्याला महाराष्ट्रात शस्त्रपूजा होते आणि परवान्याची रिव्हॉल्व्हरही पाटावर येते. हळद-कुंकू, ओल्या अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, वर पंचपात्रीतलं पाणी. संध्याकाळी सगळे सोनं लुटायला बाहेर पडतात आणि रिव्हॉल्व्हर तशीच कपाटात जाते. कुंकवाची पूड सिलिंडरच्या फटीत आणि घोड्याच्या खाचेत बसते, ओल धरून ठेवते. पूजा जरूर करावी, पण रिव्हॉल्व्हर रिकामी करून, काडतुसं पाटावर न मांडता. गंध-फूल तिच्या पेटीला किंवा खाली अंथरलेल्या वस्त्राला वाहावं, आणि उत्तरपूजा होताच शस्त्र पुसून तेल लावून ठेवावं. सणासमारंभात किंवा वरातीत हवेत गोळी झाडणं शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर थेट गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

होल्स्टरची निवड करताना २०१६ चे शस्त्र नियम आठवावेत. सार्वजनिक जागी हातशस्त्र त्यासाठीच बनवलेल्या आवरणात, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असायला हवं. कमरेला मिरवण्याला तिथे जागा नाही. म्हणून होल्स्टर आपल्याच मॉडेलच्या मापाचं, चापाचा भाग पूर्ण झाकणारं आणि वर पट्टी किंवा बटण असलेलं घ्यावं. रिकामी रिव्हॉल्व्हर घालून ते उलटं धरावं, हलकेच झटकावं. रिव्हॉल्व्हर सरकली तर ते परत करावं. ‘सगळ्यांना बसतं’ म्हणून विकली जाणारी नायलॉनची होल्स्टर कुणालाच धड बसत नाहीत. कंबरेचा पट्टाही रुंद, ताठ हवा, कारण साध्या पट्ट्यावर होल्स्टर झुलतं. पर्समध्ये बाळगणाऱ्या स्त्रियांनी शस्त्रासाठी वेगळा, बंद कप्पा असलेलीच पर्स घ्यावी. किल्ल्या, पेन, लिपस्टिक यांच्या गर्दीत शस्त्र कधीच टाकू नये.

सराव घरी करायचा असेल तर डमी काडतुसं घ्यावीत. त्यांच्या बुडाशी स्प्रिंग किंवा रबर असतं, त्यामुळे घोडा रिकाम्या जागी आदळत नाही. ‘निडर’सारख्या .२२ रिव्हॉल्व्हरमध्ये तर डमीशिवाय घोडा पाडूच नये. तिथे पिन काडतुसाच्या कडेवर बसते, आणि काडतूस नसलं की चेंबरच्या कडेवर आदळून खळगा पाडते. डमी भडक लाल किंवा निळ्या रंगाच्या हव्यात, आणि त्या खऱ्या काडतुसांच्या पेटीत कधीही ठेवू नयेत.

.३२ लाँग हे काडतूस हलकं आणि मऊ आहे. २५ मीटर सेंटर-फायर प्रकारातली अनेक स्पर्धा-पिस्तुलं याच काडतुसाची असतात, आणि त्याच प्रकारात जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. त्यामुळे धक्का बसतो म्हणून लगेच जाड रबरी मूठ लावायची घाई करू नये. आधी मूळ मुठीवर थोडा सराव करावा. बोटं चापापर्यंत पोचत नसतील किंवा तळवा घसरत असेल, तरच मूठ बदलावी. लेझरचा ठिपका नवशिक्याचं लक्ष निशाणीवरून काढून घेतो, तो नकोच. सिलिंडर झटपट भरणारी साधनं स्पर्धकांना शोभतात, .३२ च्या मधोमध उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरसाठी ती मुळात नीट मिळतच नाहीत. सायलेन्सरचा तर विचारही मनात आणू नये. आवाज किंवा ज्वाळा कमी करणारं उपकरण शस्त्र कायद्याच्या व्याख्येत स्वतःच अग्निशस्त्र धरलं जातं, ते जवळ असणं म्हणजे वेगळाच गुन्हा.

स्क्रू-ड्रायव्हरचा संच घ्यायचाच असेल, तर तो मुठीचे स्क्रू घट्ट करण्यापुरता. पातं खाचेत तंतोतंत बसणारं हवं. सैल पात्याने खाचेच्या कडा चोथा होतात. बाजूची पट्टी उघडून आतली यंत्रणा पाहण्याची हौस मात्र आवरावी. आतल्या स्प्रिंगा एकमेकींवर तोललेल्या असतात, आणि शस्त्राची दुरुस्ती हे परवानाधारक कारागिराचंच काम आहे.

शेवटी निवडणुकीचं. आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते, आणि ते महिना-दोन महिने तिथेच राहतं. कोणत्या गोणपाटात किंवा कोणत्या कपाटात, ते आपल्या हातात नसतं. नोटीस आली की जमा करण्याच्या आदल्या दिवशी रिव्हॉल्व्हर पूर्ण साफ करावी, या वेळी तेलाचा हात नेहमीपेक्षा जाड द्यावा, नळीतून तेलाची एक चिंधी फिरवावी, आणि चामडं टाळून गंजरोधक कागदात किंवा सिलिकॉनच्या मोज्यात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह द्यावी. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, बोअर आणि काडतुसांची संख्या नीट लिहून घ्यावी. सुपूर्द करण्यापूर्वी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. परत मिळाल्यावर तिथेच उघडून नळीत टॉर्च मारून पाहावं, काडतुसं मोजावीत, आणि घरी आल्यावर जाड तेल पुसून, चेंबर कोरडी करून मगच ती तिजोरीत ठेवावी.